पाठ नसलेली चकवी : एका खो-खो मंडळाच्या शुभंकराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. तिथल्या शाळेमागच्या मैदानावर मुलींचा खो-खोचा सराव चालतो. संध्याकाळी साडेपाचला पोरी आधी मैदानावर पाणी मारतात, मग फक्कीनं रेघा आखतात, आणि दिवेलागण होईपर्यंत ‘खो’चा आवाज मागच्या गल्लीपर्यंत ऐकू येत राहतो. या मंडळाला २०२५ साली पंचविसावं वर्ष लागत होतं. त्यानिमित्त डिसेंबरात निमंत्रित स्पर्धा भरवायचं ठरलं होतं.

माझी मावसबहीण याच मैदानावर वाढली. बारावीपर्यंत खेळली, मग गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. आता ती दूध संघाच्या कार्यालयात हिशेब बघते आणि रात्री जेवणं आटोपल्यावर जुन्या टॅब्लेटवर चित्रं काढते. घरात तिला आम्ही धाकटी म्हणतो, इथेही तेच म्हणेन. गावाचं, मंडळाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी पुण्यात मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, त्यामुळे या सगळ्या काळात रात्री साडेदहाचा तिचा फोन ठरलेला असायचा.

सुरुवात झाली ती जानेवारीत. दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. त्या आठवड्यात मैदानावर नव्या पोरी यायला लागल्या. त्या स्पर्धेचे शुभंकर, म्हणजे स्पर्धेची ओळख बनलेली चित्रपात्रं, होते तेजस आणि तारा, हरणांची जोडी. सातवीतल्या एका मुलीनं सराव घेणाऱ्या सरांना विचारलं, “सर, त्येंची हरणं हायती. आपलं काय हाय?” सरांनी धाकटीकडे बोट दाखवलं. “ही काढंल की.”

एवढ्यावर काम ठरलं. पैशांचा विषय निघाला नाही, तारीख ठरली नाही, कागद झाला नाही. छंद म्हणून घेतलेल्या कामाची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते. ती मला आजही चुकीची वाटत नाही. फक्त पुढे काय काय झालं ते त्या एका वाक्यात किती दडलेलं होतं, हे नंतर कळलं.

अडचण कुठे होती

वरवर पाहता अडचण साधी होती. एक प्राणी निवडायचा, त्याला जर्सी घालायची, चेहरा हसरा करायचा. पण धाकटीनं पहिल्या रविवारी बसून मंडळाला हे चित्र कुठे कुठे लागणार याची यादी केली, तेव्हा खरं रूप समोर आलं. स्वागताचा मोठा फ्लेक्स, सरावाचे टी-शर्ट, प्रमाणपत्राचा कोपरा, पालकांच्या व्हॉट्सॲप गटासाठी स्टिकर, प्रवेशद्वारात उभा करायचा कटआउट. म्हणजे एकच पात्र नखाएवढ्या आकारातही ओळखू यायला हवं आणि दहा फुटांतही. बसलेलंही तेच वाटायला हवं, सूर मारतानाही तेच.

त्याहून मोठी अडचण खेळाची होती. क्रिकेटच्या शुभंकराच्या हातात बॅट दिली की झालं, फुटबॉलच्या पायाशी चेंडू ठेवला की झालं. खो-खोत हातात काहीच नसतं. एक मैदान, दोन खांब आणि माणसांची शरीरं. चित्र बघून ‘हा खो-खो आहे’ हे कळायचं तर ते अंगाच्या ठेवणीतूनच कळायला हवं, दुसरा मार्गच नाही.

प्राणी कोणता?

मंडळाच्या बैठकीत पहिलं नाव वाघाचं आलं. दुसरं गरुडाचं. दोन्ही देखणी, आणि दोन्ही जिल्ह्यातल्या निम्म्या व्यायामशाळांच्या पाट्यांवर आधीच आहेत. मग कुणीतरी शेकरू सुचवलं, महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून. सूचना चांगली होती. पण शेकरू सह्याद्रीच्या दाट झाडीतलं, भीमाशंकरच्या बाजूचं. या झाडावरून त्या झाडावर जाणारं, जमिनीवर क्वचितच उतरणारं. आणि आमच्या पोरींचा खेळ सगळा मातीवरचा.

इथे धाकटीनं एक गोष्ट मांडली, ती मला फार महत्त्वाची वाटते. देशभरातले जे शुभंकर लोकांच्या लक्षात राहिले, ते त्या त्या मातीतून आलेले होते. गोव्यात २०२३ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हाचा ‘मोगा’ हा गवा होता, गोव्याचा राज्यप्राणी. त्याआधी २०२२ साली गुजरातनं ‘सावज’ केला, गीरचा सिंह. मग सोलापूरच्या माळरानावर कोण राहतं?

उत्तर सरांच्या आईनं दिलं, बैठकीला चहा घेऊन आल्या तेव्हा. “खोकड की.”

खोकड म्हणजे आपल्याकडच्या माळावरचं लहान कोल्ह्यासारखं जनावर. अंगानं मांजरापेक्षा थोडं मोठं, लांब टोकदार कान, झुबकेदार शेपूट आणि शेपटीचं टोक काळं. बिळात राहतं, आणि बिळाला तोंडं अनेक ठेवतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात माळढोक पक्षी बघायला गेलेल्यांना माळढोक दिसला नाही तरी खोकड दिसण्याची आशा असते. आणि कुत्रं मागे लागलं की ते सरळ पळत नाही. पळता पळता झटक्यात वळतं, परत मागे येतं, पुन्हा वळतं. कुत्रं आपल्याच वेगात पुढे निघून जातं. खो-खोतला चांगला संरक्षक हेच करतो. पाठलाग करणाऱ्याला धरलेली दिशा सोडता येत नाही, पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. वर नावातच ‘खो’!

विरोध झाला. मंडळाचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “कोल्हा म्हंजे लबाड. उद्या पोरगी बाद हाय का न्हाई यावर वाद झाला, की समोरचे म्हणतील, चिन्हच कोल्ह्याचं हाय यांचं.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या सगळ्या बाळगोष्टींत कोल्हा लबाडच असतो आणि मुलांच्या मनात तोच बसलेला असतो. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हूल देणं ही लबाडी न्हाई. हूल दिली म्हणून बाद केलेला संरक्षक मी अजून बघितला न्हाई. तो खेळ हाय.”

निर्णय मतदानावर टाकला, पण मतदान मंडळाच्या सदस्यांचं नाही, पोरींचं. नाव ठरवण्याचं कामही त्यांनाच दिलं. ‘चपळा’, ‘खोकडी’ आणि ‘चकवी’ अशी तीन नावं आली. चकवी जिंकली. चकवणारी ती चकवी. एकदोघींच्या आज्यांना त्यात रानात वाट चुकवणारा चकवा ऐकू आला, तेवढी कुरकुर झाली आणि विरली.

कशानं काढायचं?

यावर चार पर्याय होते. बाहेरच्या चित्रकाराला काम देण्याएवढे पैसे मंडळाकडे नव्हते, तो पर्याय पाच मिनिटांत मिटला. नेटवरचं तयार कोल्ह्याचं चित्र विकत घेऊन त्याला जर्सी चढवावी, असं एका पालकांनी सुचवलं. त्यात धोका असा की तेच चित्र शेजारच्या तालुक्यातला कुणीही विकत घेऊ शकतो, आणि परवान्यात टी-शर्टवर छापायची मुभा असेलच असं नाही.

तिसरा पर्याय एआयचा. सरांच्या पुतण्यानं संध्याकाळभरात वीसेक चित्रं काढून आणली. सुंदर होती, हे मान्य करायला हवं. पण एका चित्रात कोल्ह्याच्या हातात चेंडू होता, दुसऱ्यात डोक्यावर हेल्मेट. ‘खो-खोच्या चौकात बसलेला’ असं सांगितलं तर तो मांडी घालून बसला. आणि प्रत्येक चित्रातला चेहरा निराळा. मंडळाला एक चित्र नको होतं, एकच पात्र बारा स्थितींत हवं होतं.

म्हणून चौथा: हातानं काढायचं. कच्चं काम क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये, कारण ते मोफत आहे आणि तिच्या हाताला त्याची सवय होती. इथपर्यंतचा निर्णय बरोबर होता. ‘पक्कं काम कशात?’ हा प्रश्न मात्र त्या दिवशी कुणी विचारला नाही, मीसुद्धा नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

रंग, कान आणि शेपूट

धाकटीची पहिली चकवी नारिंगी होती. पांढरी छाती, काळे मोजे घातल्यासारखे पाय, शेपटीचं टोक पांढरं. बघताक्षणी आवडावी अशी. मी तिला विचारलं, हे जनावर तू कुठे पाहिलंस? ती थोडा वेळ काही बोलली नाही. ते थंड मुलखातलं कोल्हं होतं, परदेशी कार्टूनमधून हातात उतरलेलं. आपलं खोकड करडं-पिवळसर असतं, आणि शेपटीचं टोक काळं असतं, पांढरं नाही.

तिनं रंग बदलला. हुरडा संपल्यावर रानात उभं राहतं त्या ज्वारीच्या वाळल्या धाटाचा रंग घेतला. मनाला पटला, पण आता दुसरीच पंचाईत. अंगणवाडीतल्या मुलांना चित्र दाखवलं तर निम्मी म्हणाली, “कुत्रं.” दोघं म्हणाले, “खार.” नारिंगी रंग गेल्याबरोबर ओळखही गेली.

हा या प्रकरणातला पहिला खरा वळणाचा प्रश्न होता. परत नारिंगीकडे जायचं, की ओळख दुसऱ्या कशावर उभी करायची? तिनं दुसरं निवडलं. मग तिनं जे केलं ते छंद म्हणून चित्र काढणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. सगळं चित्र काळ्या रंगानं भरलं, नुसती सावली ठेवली, आणि ती फोनवर अंगठ्याच्या नखाएवढी करून पाहिली. त्या डागात खोकड दिसतं का? दिसत नव्हतं. कान छोटे होते, शेपूट अंगामागे झाकलेली. कान जवळजवळ डोक्याच्या उंचीएवढे केले. शेपूट अंगापासून सोडवून बाजूला काढली आणि तिचा काळा भाग टोकापुरता न ठेवता पाव लांबीपर्यंत आणला. खऱ्या खोकडापेक्षा हे जास्त आहे. पण जे खरं आहे तेच ठळक करायचं, बाहेरचं काही आणायचं नाही, हा नियम तिनं शेवटपर्यंत पाळला.

डोळ्यांचंही असंच. तिरप्या भुवया आणि मिटत आलेले डोळे काढले की चेहरा लगेच कावेबाज होतो. ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप इथे कामी आला. भुवया सरळ केल्या, डोळे पूर्ण उघडे ठेवले, बाहुली नाकाकडे न नेता कडेला नेली. चौकात बसलेली मुलगी खांद्यावरून जशी मागे बघते, तशी.

आठव्या की नवव्या आवृत्तीला अंगणवाडीतली एक मुलगी म्हणाली, “कोल्हा. पण चांगला.”

“ही शंभर मीटरला निघालीय”

मे महिन्यात धाकटीनं पळणारी चकवी सरांना दाखवली. सरांनी चष्मा वर केला, टॅब्लेट हातभर लांब धरला. “पळतीय छान. पण खो-खोत पळंना. ही शंभर मीटरला निघालीय.”

कंबर उंच होती, छाती ताठ होती, गुडघा सरळ होता. खो-खोतली धाव बुटकी असते. पुढच्या क्षणी वळायचं असतं, खाली वाकून खो द्यायचा असतो, म्हणून शरीराचा भार सतत खाली ठेवलेला असतो. धाकटी स्वतः सहा वर्षं तशी पळलेली. शरीराला माहीत होतं, पण हात दुसऱ्याच चित्रांवर तयार झालेला.

मग तिनं वही मिटली आणि मैदानात जाऊन बसली. फोनवर संथ गतीचं चित्रण केलं आणि एकेक क्षण थांबवून त्यावर फक्त कण्याची एक रेघ ओढली. डोकं नाही, हातपाय नाहीत, एकच रेघ. खांबावरच्या सुराची ती रेघ मी अजून जपून ठेवली आहे. डाव्या हातानं खांब धरलेला, पाय जमिनीपासून सुटलेले, सगळं अंग आडवं, उजवा हात पुढच्या संरक्षकापर्यंत ताणलेला, आणि कणा चंद्रकोरीसारखा. त्या रेघेवर तिनं चकवी चढवली. शेपूट ताणलेल्या हाताच्या बरोबर उलट दिशेला गेली आणि चित्राचा तोल आपोआप सांभाळला गेला. या चित्राला शाब्बासकी द्यायची वेळ आली तेव्हा सर काही बोलले नाहीत. त्यांनी ते स्वतःच्या फोनवर मागून घेतलं.

एक बारकावा इथेच आला. खो तळहातानं दिला जातो, म्हणून चकवीच्या हाताचा तळवा दिसायलाच हवा. धाकटीनं तळव्यावर जनावराच्या पंज्याच्या गाद्या काढल्या, एक मोठी, चार लहान. तेव्हा तो नुसता तपशील होता.

पहिला फ्लेक्स

सप्टेंबरात गणपतीनंतर मंडळानं स्पर्धेची पहिली जाहिरात लावायचं ठरवलं. धाकटीनं चित्र पाठवलं, तेही व्हॉट्सॲपवरून. फ्लेक्सवाल्या काकांनी आठ फूट रुंदीला ताणलं. छापून आलं तेव्हा चकवीच्या कडेनं पायऱ्या पडल्या होत्या आणि अंग धुक्यातून आल्यासारखं. हिशेब सोपा आहे. चित्र १०८० पिक्सेल रुंद आणि फ्लेक्स ९६ इंच, म्हणजे इंचाला अकरा पिक्सेल. लांबून बघायच्या फ्लेक्सलासुद्धा हे पुरत नाही. भरीला, ‘खो’ हा शब्द काकांच्या संगणकावर ‘ख’ आणि ‘ो’ असा फुटून आला, कारण धाकटीनं तो वेगळ्या मजकूर-फाइलीत दिला होता आणि तो फाँट त्यांच्याकडे नव्हता.

यात काकांची चूक नव्हती. त्यांना मिळालं ते त्यांनी छापलं.

आता दोन वाटा होत्या. असलेल्या चित्राला सॉफ्टवेअरकडून आपोआप रेषारूप (व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठं केलं तरी कड न फाटणारं रूप) द्यायचं, किंवा सगळं पुन्हा काढायचं. पहिली वाट तिनं करून पाहिली. एकट्या शेपटीवर शंभरावर बिंदू पडले, कड थरथरल्यासारखी दिसायला लागली, आणि शेपूट जरा वळवायची म्हटली तर सगळे बिंदू हलवा. तिनं दुसरी वाट धरली. इंकस्केप या रेषारूपाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तेही मोफतच, प्रत्येक आकार पेन टूलनं नव्यानं ओढला. शेपूट सात बिंदूंत बसली. पाच आठवडे गेले, रात्री अकरा ते साडेबारा. दिवसा ऑफिस. त्या काळात तिच्या आवाजातला थकवा मला फोनवर ऐकू यायचा, आणि दोनदा मी तिला सोडून दे म्हणालेही. तिनं सोडलं नाही.

नव्यानं काढताना तिनं उजेड-सावलीच्या छटाही काढून टाकल्या. कारण टी-शर्टची छपाई. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, आणि गडद निळ्या कापडावर छापायचं तर खाली पांढऱ्याचा थर लागतो, तीही एक जाळी. पांढरा, धाटाचा पिवळा, काळा, एवढ्या तीनच जाळ्यांत चकवी बसवली. डोळ्यांचा पांढरा म्हणजे खालचा थरच उघडा सोडलेला. अक्षरांसाठी ‘बालू’ हा मोकळा मिळणारा गुबगुबीत देवनागरी फाँट घेतला, आणि फाइल देण्याआधी अक्षरांचं रूपांतर आकारांत केलं, म्हणजे समोरच्याकडे फाँट असो वा नसो.

पाठ कुठंय?

नोव्हेंबर. स्पर्धेला पाच आठवडे. प्रवेशद्वारातला कटआउट दोन्ही बाजूंनी दिसणार होता, म्हणून सुतारकाम करणाऱ्या पालकांनी विचारलं, मागच्या बाजूला काय लावू? धाकटीकडे समोरून, बाजूनं आणि तिरपी अशा बारा चकव्या होत्या. पाठमोरी एकही नव्हती.

तिनं मला फोन केला तेव्हा ती हसत होती आणि थोडी रडवेलीही होती. “ताई, खो पाठीवर मिळतो गं. अख्खा खेळ पाठीचा आहे आणि मी पाठच नाही काढली.”

मला गप्प बसावं लागलं. पात्र घडवताना समोर, बाजू आणि मागे असा फेरा आधी काढायचा, हे मीच तिला पहिल्या महिन्यात सांगायला हवं होतं. पुस्तकातल्या पात्रांना पाठ लागते म्हणून मी नेहमी काढते. पण तेव्हा सगळं लक्ष चेहऱ्यावर होतं, कान मोठे की लहान यावर. खो-खोत आठ जणी एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात. मैदानाच्या कुठल्याही बाजूला उभे राहा, तुम्हाला चार पाठी दिसतातच. त्या पाठीवर मागून हात पडतो, ‘खो’ ऐकू येतो आणि बसलेली मुलगी उठते. डोळ्यांनी दिसत नाही, पाठीला कळतं.

दोन रात्रींत तिनं पाठमोरी बसलेली चकवी काढली. दोन्ही हातांची बोटं मातीला टेकलेली, एक पाऊल पुढे, कान मागे वळलेले, म्हणजे पाठीमागचं ऐकणारे. जर्सीवर नंबराच्या वर, दोन खांद्यांच्या मधोमध, तिनं पंजा ठेवला, एक मोठी गादी, चार लहान. खो जिथे पडतो तिथे.

सरांनी तो पंजा बघितला आणि टी-शर्टच्या पुढचं मोठं चित्र रद्द करून टाकलं. पुढे काही नको, म्हणाले. मागं हा पंजा छापा. हा निर्णय एका मिनिटात झाला, आणि मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तोच वाटतो.

हक्काचा कागद

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. ऑक्टोबरात गावातल्या एका दुकानाच्या जाहिरातीत चकवी दिसली, हातात मोबाइल धरलेली. चित्र कापून चिकटवलेलं, शेपूट अर्धी गेलेली. धाकटीला फार लागलं. सर आणि ती जाऊन बोलले, दुकानदारानं दुसऱ्या दिवशी जाहिरात उतरवली. त्यांना वाटलं होतं की गावाचं चित्र आहे, कुणीही वापरावं.

गैरसमज त्यांचा एकट्याचा नव्हता. मंडळालाही वाटत होतं की चित्र मंडळाचं आहे, आणि धाकटीनं तो विचारच केला नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा हक्क ते निर्माण होताच चित्रकाराकडे येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोकरीचा भाग म्हणून किंवा मोबदला घेऊन काढलं असेल तर गोष्ट बदलू शकते, इथे तसं काही नव्हतं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते.

त्यांनी हक्क हस्तांतर केलं नाही, वापराची परवानगी दिली, एका पानाची, साध्या मराठीत. मंडळानं खेळाच्या कामासाठी हवी तशी वापरावी. राजकीय फलक आणि तंबाखूच्या जाहिरातीत नको. चेहरा बदलायचा नाही. दुसऱ्या कुणाला द्यायची तर दोघांची संमती. सही करताना ज्येष्ठ सदस्य म्हणाले, हे पयलंच करायचं. बरोबर बोलले.

पुन्हा केलं तर

धाकटी आणि मी दिवाळीनंतर आणि पुन्हा स्पर्धेनंतर यावर बोललो. आमची मतं सगळीकडे जुळत नाहीत. ती म्हणते, पहिल्या दिवसापासून रेषारूपात काढलं असतं तर पाच आठवडे वाचले असते. मला तसं वाटत नाही. क्रितामध्ये मोकळ्या हातानं काढल्यामुळेच तिनं आठ-नऊ चकव्या बिनधास्त फेकून दिल्या. इंकस्केपमध्ये बिंदू बिंदू करून बसवलेलं चित्र टाकवत नाही. चूक पुन्हा काढण्यात नव्हती. छपाईवाल्यांना आधी न भेटण्यात होती. जूनमध्येच फ्लेक्सवाल्या काकांकडे आणि टी-शर्ट छापणाऱ्याकडे एक चक्कर झाली असती, तर किती रंग, कोणती फाइल, किती मोठी, हे सगळं एका दुपारी कळलं असतं.

दोघींचं एकमत आहे ते पाठीवर. कागदावर प्राण्याचा चेहरा येण्याआधी या खेळात शरीराचा कोणता भाग बोलतो, हे मैदानावर बसून बघायला हवं होतं. आणि सरांना मेपर्यंत चित्र न दाखवणं हीही चूकच. नीट झालं की दाखवीन, असं ती म्हणत राहिली. अपुरं असताना दाखवलं असतं तर ‘पाठ कुठंय’ हा प्रश्न मार्चमध्येच आला असता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मुलांच्या संघालाही आता त्यांचं पात्र हवंय. चकवीचा भाऊ काढावा, की चकवीच दोघांची राहावी, यावर मंडळात दोन तट आहेत. धाकटी दुसऱ्या बाजूची आहे, मीही.

स्पर्धा आणि त्यानंतर

डिसेंबरात स्पर्धा झाली. कटआउटजवळ लहान पोरी फोटो काढायला रांग लावून होत्या, आणि बऱ्याच जणी मागच्या बाजूला जाऊन पाठमोऱ्या चकवीच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. स्टिकरचा संच सोळाचा झाला. व्हॉट्सॲपला ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र शंभर केबीच्या आत लागतं, सपाट रंगांमुळे ते सहज बसलं. सगळ्यात जास्त फिरतो तो पाठमोऱ्या चकवीचा, खाली लिहिलेलं ‘उठ!’. पालकांच्या गटात सकाळी साडेपाचला तो रोज पडतो.

सरावाचे निळे टी-शर्ट आता काही महिने वापरून झालेत. परवा धाकटीनं त्यांचे फोटो पाठवले, दोरीवर वाळत घातलेले, पाठ कॅमेऱ्याकडे. नंबर अजून ठळक आहेत. पंज्याची मधली मोठी गादी मात्र जवळजवळ प्रत्येकावर तडकलीय, काहींवर निम्मी उडालीय. छापणारे म्हणतात, शाईचा थर जाड करून देतो. सरांनी अजून हो म्हटलेलं नाही.